सोरायसिस : लक्षणे व निदान

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकालीन दाहजन्य विकार होय. निरोगी त्वचेचा वरचा थर सुमारे एका महिन्यात नवा होतो. या विकारात तीच क्रिया काही दिवसांतच घडते. त्यामुळे कोपर, गुडघे, कंबर व डोके येथे ठळक कडांचे लालसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे साचतात. सावळ्या त्वचेवर चट्टे जांभळट दिसतात. नखांवर बारीक खळगे पडतात; काहींचे सांधेही सुजतात.

या चट्ट्यांना पुष्कळदा कुष्ठरोग वा गजकर्ण समजून रुग्णाला पंगतीत व शाळेत दूर बसविले जाते. हे सर्वथा अनुचित आहे. सोरायसिस स्पर्शाने, कपड्यांतून वा भांड्यांतून पसरत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. सोरायसिसमध्ये संवेदना कायम राहते. गजकर्णात त्वचेच्या खरवडीत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आढळते. सोरायसिसचे निदान बहुधा चट्टे व नखे तपासूनच होते. शंका राहिल्यास त्वचेचा लहान तुकडा तपासतात.

सोरायसिस उपचाराने आटोक्यात राहतो. मात्र परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी चट्ट्यांचे रूप बदलून निदान कठीण होते. यास्तव चट्टे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.