गाडीवरचं जाळं आणि पॅडची निवड

घोडबंदर रोडची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की गाडीवर बारीक ओरखडे उठतात. उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. हे ओरखडे बहुधा रंगावरच्या पारदर्शक थरात असतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. पॉलिश ओरखडा बुजवत नाही, भोवतालचा थर झिजवून सपाट करतं.

म्हणून पॉलिश करताना आधी मऊ फोमचं पॅड वीतभर जागेवर वापरून पाहा. भागलं नाही तरच कडक फोम किंवा मायक्रोफायबर. लोकरीचं पॅड थर झपाट्याने कापतं, पण मागे धूसरपणा ठेवतं. पॅडच्या रंगावर विसंबू नका; कंपनीगणिक संकेत बदलतो. काम सावलीत, पत्रा गार असताना करा. झिजलेला थर परत येत नाही.