परदेशी क्षेत्रकार्य करायचंय, पण पैसे कुठून आणायचे?



बोईसर-तारापूर भागात "मुलगी परदेशी शिकायला चालली" असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "इंजिनिअरिंग की केमिस्ट्री?" त्यात नवल नाही. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला अणुवीज केंद्र. पण समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करणारी मुलंही आपल्या पालघर-डहाणूत आहेत. त्यांच्यातल्या कोणाला संशोधनासाठी बाहेरच्या देशात जायचं असेल तर खर्चाचं काय, हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून हा लेख.

आधी क्षेत्रकार्य म्हणजे फील्डवर्क काय असतं ते पाहू. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा, तशी समाजशास्त्राला माणसांची वस्ती. तिथं जाऊन राहायचं, बोलायचं, नोंदी ठेवायच्या, आणि उत्तरं जुळली नाहीत की पुन्हा जायचं. पीएचडीसाठी यात सहज वर्षही जातं. ही सहल नव्हे.

आपल्याच भागातला विषय घेऊ. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. जपानमधल्या फुकुशिमा दाईची केंद्राची पहिली भट्टीही त्याच कंपनीची, उकळत्या पाण्याच्याच प्रकारची. ११ मार्च २०११ च्या दुर्घटनेनंतर तिथल्या लोकांना गावं सोडावी लागली. आपल्याकडे तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी गावं सोडली. कारणं अगदी वेगळी, तिथं अपघात आणि इथं भूसंपादन. तरी नव्या वसाहतीत गेल्यावर शेजार, धंदा, देवस्थान यांचं काय होतं, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो. बोईसरच्या मुलीइतका तो नेमका कोण विचारेल? किंवा वारली चित्रकला घ्या. जपानमध्येच तोकामाचीच्या मिथिला म्युझियममध्ये वारली चित्रं आहेत, आपले चित्रकार तिथं राहून काम करून आले आहेत. ही चित्रं तिकडे गेल्यावर त्यांचा अर्थ बदलतो का, हाही पीएचडीचा विषय होऊ शकतो.

आता पैशाकडे येऊ. इथं बहुतेकांचा एक घोटाळा होतो. परदेशी विद्यापीठात शिकायला मिळणारे पैसे वेगळे आणि क्षेत्रकार्याला मिळणारे वेगळे. पहिल्या खिशाची माहिती असते, दुसरा खिसा आहे हेच माहीत नसतं.

पहिल्या खिशात सरकारी परदेश शिष्यवृत्त्या येतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची योजना वर्षाला २० जणांसाठी असते. त्यातल्या ३ जागा विशेष दुर्बल आदिवासी गटांच्या. आपल्या जिल्ह्यातला कातकरी समाज त्या गटात मोडतो, हे कातकरी वाडीवरच्या शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावं. जव्हार आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करता येते.

अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत मात्र एक मोठी मेख आहे. २०२२-२३ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले गेले. म्हणजे बाहेरच्या विद्यापीठात बसून आपल्या गावाच्या प्रश्नावर प्रबंध लिहायचा असेल तर हे पैसे नाहीत. कारण असं दिलं गेलं की भारताचा अभ्यास भारतात राहूनही करता येतो. मला हे पटत नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवर निबंध वाचला, तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकत असताना. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत होते. त्या पैशाला असली अट असती तर? असो. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचायची आणि मगच विषयाचं नाव लिहायचं.

दुसऱ्या खिशातलं बहुतेक सगळं पीएचडीसाठी आहे. मुलीची नोंदणी मुंबई विद्यापीठात असली तरी चालतं, परदेशी प्रवेश घ्यावाच लागत नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद परदेशात माहिती गोळा करायला मदत देते. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातच आहे. जपानसाठी जपान फाउंडेशनची पाठ्यवृत्ती आहे, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, सहा ते नऊ महिन्यांची. मानववंशशास्त्रासाठी न्यूयॉर्कचं वेनर-ग्रेन फाउंडेशन कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी २५,००० डॉलरपर्यंत देतं. त्यातून फी मात्र भरता येत नाही.

एम.ए.च्या मुलांना काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. त्यांनी एम.ए.चं क्षेत्रकार्य सातपाटीत किंवा तलासरीत करावं, ते चोख करावं आणि त्याच दोन वर्षांत ज्या देशात जायचंय तिथली भाषा धरावी. दुभाष्याचा खर्च अर्जात दाखवता येतो, पण परीक्षक पहिल्यांदा हेच बघतात की ही व्यक्ती लोकांशी बोलणार कशी.

पालकांनी विचारायचा प्रश्न एकच, पण महत्त्वाचा: पैसे आधी मिळणार की बिलं दिल्यावर? तिकीट, व्हिसा, विमा आणि पहिल्या महिन्याचं भाडं आधी खिशातून घालावं लागलं तर मच्छीमाराचं किंवा कारखान्यातल्या कामगाराचं घर तिथंच अडतं. अशा वेळी जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती बघता येते. ती १८९२ पासून चालू आहे, पण पीएचडीच्या मध्येच अर्ज चालतो का ते आधी विचारून घ्या. आणि शेवटी ते कर्जच, फेडावं लागतं. इरावती कर्वेही १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या कर्ज काढून आणि सासऱ्यांचा विरोध पत्करून.

जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, पासपोर्टही. शिफारसपत्र मागायला जुनी विद्यार्थिनी आली तर "हुशार व मेहनती" एवढ्यावर भागवू नका. तिनं कोणत्या पाड्यावर किती घरं केली, कोणी दार लावून घेतलं तेव्हा तिनं काय केलं, ते लिहा.