पाठीवरचं ओझं, आपल्या मापाचं

मालवण-तारकर्लीची सहल आता आपल्याकडे महाबळेश्वरइतकीच नेहमीची झाली आहे. भिशीत, महिला मंडळात, शाळेच्या स्टाफरूममध्ये एखाद-दुसरी तरी तिथं ‘स्कूबा’ करून आलेली असते. पाण्याखालचे फोटो हौसेनं दाखवते. पण ‘तेव्हा पाठीला काय बांधलं होतं गं?’ असं विचारलं, तर तिला सांगता येत नाही. यायचं कारणही नाही. त्या पहिल्या बुडीत प्रशिक्षक मागून आपल्याला धरून असतो, हवा भरणं-सोडणं तोच बघतो. आपण फक्त मासे बघायचे!

प्रश्न येतो तो पुढे. काहीजणींना या पाण्याची गोडी लागते. मग त्या तीन-चार दिवसांचा रीतसर कोर्स करतात, अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाण्याचा परवाना मिळवतात. मीही त्यातलीच, आणि तीही पंचेचाळिशी उलटल्यावर! एकदा परवाना हातात आला, की पाठीवरचं सामान ही प्रशिक्षकाची नाही, आपली जबाबदारी होते. आणि तिथंच बायकांची खरी अडचण सुरू होते.

बहुतेक केंद्रांवर भाड्यानं जॅकेट मिळतं. त्यात हवा भरली की आपण वर येतो, सोडली की खाली जातो. पाठीला सिलिंडर अडकवलेला. ही जॅकेटं मापात असतात खरी, पण आपण जाऊ त्या दिवशी आपलं माप शिल्लक असेलच असं नाही. माझी उंची पाच फूट. मोठं जॅकेट घातलं, की पाण्यात ते कानापर्यंत वर सरकायचं, सिलिंडर डावी-उजवीकडे कलंडायचा. छातीवरचा पट्टा नको तिथं आवळायचा. दुसऱ्याचा ब्लाऊज घालून लग्नाला जावं तशी गत! फरक एवढाच, की लग्नात नुसतं अवघडायला होतं. पाण्याखाली मात्र तोल सांभाळण्यात दम लागतो, श्वास जास्त लागतो आणि सिलिंडरमधली हवा लवकर संपते.

म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरवलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की जॅकेटशिवाय आणखी दोन प्रकार आहेत. दोन्हींत हवेची पिशवी फक्त पाठीमागे असते, तिला ‘विंग’ म्हणतात. छाती आणि पोट मोकळं राहतं. एवढ्यानंच मला निम्मं हायसं वाटलं! फरक आहे तो ही विंग आणि सिलिंडर अंगाला कशानं बांधायचे, यात.

धातूची पाटी की कापडी साज?

पहिला प्रकार बॅकप्लेटचा. पाठीला बसेल अशी पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची, मध्ये वळवलेली पाटी. तिच्यातून दोन इंच रुंदीचा एकच लांबलचक पट्टा ओवलेला. तोच खांद्यांवरून येतो, तोच कमरेला बकलनं अडकतो. आणखी एक पट्टा दोन पायांमधून पुढे येऊन कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. अहो, हा तर आपला कासोटा! नऊवारीचा कासोटा जसा लुगडं जागेवर धरतो, तसा हा पट्टा सगळं सामान वर सरकू देत नाही.

ही पद्धत रुजली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पाण्यानं भरलेल्या गुहांमध्ये. तिथले पाणबुडे पाठीवर दोन-दोन सिलिंडर घेऊन अंधाऱ्या, अरुंद गुहांत शिरत. सामान हललं किंवा कुठं अडकलं तर जिवाशी गाठ. म्हणून पट्टे, बकलं, कड्या जेवढ्या कमी तेवढं बरं, हा त्यांचा नियम. विल्यम हॉगार्थ मेन या गुहा-पाणबुड्याच्या नावावरून या सुटसुटीत मांडणीला ‘हॉगार्थियन’ म्हणतात.

दुसरा प्रकार सॉफ्ट हार्नेस. यात धातूची पाटी नसते. जाड कापडाची, आत मऊ गादी असलेली पाठ आणि खांदे. ट्रेकिंगची चांगली सॅक असते ना, तशीच. खांद्याला, कमरेला, छातीला वेगवेगळे पट्टे, आणि ते ओढून घट्ट-सैल करता येतात. बऱ्याच हार्नेसना खांद्यावरही बकल असतं.

भाचीचा हट्ट आणि माझा खांदा

माझी भाची समुद्री जीवशास्त्र शिकते. अभ्यासासाठी तिच्या बुड्या सारख्या चालू. तिनं ठणकावून सांगितलं, ‘मावशी, तू कापडी घेऊच नकोस. प्लेट घे. एकदा पट्टे मापाचे केलेस की जन्मभराचं काम झालं.’

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पोलादी पाटीचं वजन साधारण पावणेतीन किलो. समुद्राच्या पाण्यात आपण तरंगतो, त्यामुळे खाली जायला कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. पोलादी पाटी घेतली तर त्यातली दोन-सव्वादोन किलो वजनं कमी करता येतात. कापडी हार्नेसचं उलट. त्यातली गादी स्वतःच थोडी तरंगते, म्हणजे शिसं आणखी वाढवा! शिवाय पाटी गोड्या पाण्यानं धुऊन पुसली की झालं. कापड सावलीत वाळायला वेळ लागतो, आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेत नीट वाळलं नाही तर बुरशी आलीच म्हणून समजा.

पण माझं एक दुखणं होतं. गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला होता, फ्रोजन शोल्डर. चाळिशी ते साठीतल्या बायकांना हे दुखणं जास्त होतं, तुमच्यापैकी कितीतरी जणी यातून गेल्या असतील. पाठीमागे हात नेऊन हूक लावणंसुद्धा नको वाटतं. खांदा आता बरा आहे, पण पूर्वीसारखा वळत नाही. बॅकप्लेटच्या सलग पट्ट्यातून हात बाहेर काढायचा, तर कोपर वाकवून खांदा चांगलाच मागे न्यावा लागतो.

एका प्रशिक्षकांच्या ओळखीनं तलावात दोन्ही प्रकार घालून बघता आले. पाण्याखाली प्लेट झकास! सिलिंडर जागचा हलला नाही. पण पाण्यावर आल्यावर ती अंगातून काढताना माझा हात अर्ध्यातच अडकला. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा जोडीदाराची मदत घ्यावी लागली. कापडी हार्नेसचं खांद्यावरचं बकल उघडलं आणि मी मोकळी.

‘मदत घ्यायची की मग!’ भाची म्हणाली. घ्यावी ना. पण छोट्या होडीत चढताना आपल्याकडे बहुतेकदा सामान पाण्यातच काढून वर द्यायचं असतं. लाटा उसळत असतील, जोडीदार दहा हात लांब असेल, तर? आपल्या पाठीवरचं आपल्याला सोडवता आलंच पाहिजे. माझ्यासाठी सगळा निर्णय या एका वाक्यात आला.

दुसरी गोष्ट प्रवासाची. मी एसटीनं, रेल्वेनं जाणारी. भरलेला सिलिंडर चांगलाच जड असतो, त्यात वाळूतून होडीपर्यंत चालायचं. आणखी पावणेतीन किलोंची पाटी गुडघ्यांना कशाला? ॲल्युमिनियमची पाटी किलोभराचीच असते, पण ती काही घडी घालून बॅगेत कोंबता येत नाही.

शेवटी मी सॉफ्ट हार्नेस घेतलं, पण कासोट्यासकट! आणि भाचीनं स्वतःसाठी ॲल्युमिनियमची छोटी पाटी घेतली. ती वर्षात कितीतरी बुड्या मारते, तिचे खांदे पंचविशीतले आहेत. दोघींचंही बरोबर.

‘लेडीज मॉडेल’ म्हणजे काय?

खरेदीच्या वेळी एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, ‘मॅडम, लेडीज मॉडेल आहे, गुलाबी रंगात.’ मी विचारलं, पाठीची लांबी किती? तर ती पुरुषांच्याइतकीच! मैत्रिणींनो, रंगावर जाऊ नका. सामान चाळीस-पन्नास हजारांच्या पुढचं आहे. दोन्हींपैकी काहीही घ्या, आधी घालून बघा आणि एवढं जरूर तपासा:

• पाठ: पाटीची किंवा हार्नेसची खालची कड माकडहाडावर टेकायला नको. ठेंगण्या बायकांसाठी आखूड पाट्या मिळतात, त्या मागा.

• कपडे: पाण्यात जो सूट घालणार, तोच घालून माप घ्या. पंजाबी ड्रेसवर घेतलेलं माप उपयोगाचं नाही.

• खांदा आणि छाती: खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज सरकली पाहिजेत. पट्टा छातीच्या बाजूनं जावा, मधोमध दाबू नये. खोल श्वास घेऊन बघा.

• पायांमधला पट्टा: धरून ठेवण्यापुरता, ओढ बसेल इतका आवळ नको.

• वजनं: सिलिंडर रिकामा होत जातो तशी त्यातली अडीच-एक किलो हवा कमी होते आणि शेवटी आपण वर उचलले जातो. म्हणून वजनाचा अंदाज सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना घ्या. आणि सगळं वजन पाटीतच अडकवू नका. अडचणीत सोडून देता येईल असं थोडं वजन वेगळं हवंच.

• सुटका: पाण्यात, डोळे मिटून, एकटीनं काढून आणि परत घालून बघा. जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका.

पावसाळ्यात सिंधुदुर्गातलं स्कूबा बंद असतं. तेवढे महिने या सरावाला उत्तम. तालुक्याच्या गावीही आता पोहण्याचे तलाव झालेत. तिथं परवानगी काढा, जाणकार प्रशिक्षक सोबत घ्या.

संसाराची ओझी आपण आयुष्यभर मिळतील तशी उचलली. ‘माप’ कुणी विचारलंच नाही. निदान हे एक ओझं तरी आपल्या हौसेचं आहे. ते आपल्या अंगाला बसेल असंच घ्या, आणि हवं तेव्हा आपल्याच हातानं उतरवता येईल असं!