ठिपक्यापासून बिंदूपर्यंत

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे नाव घेतले की पॅरिस आठवते. परंतु त्यांच्या कलेचे मूळ आपल्याच मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्याच्या अरण्यात आहे. १९२२ साली बाबरिया या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. दाट जंगल, त्यातील रात्रीचा काळोख आणि नर्मदेचे सान्निध्य यांत त्यांचे बालपण गेले. इंदूरच्या नळांना १९७८ पासून जिचे पाणी येते, तीच ही नर्मदा.

शाळेत या मुलाचे चित्त स्थिर नसे. तेव्हा शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याला त्याकडे पाहत राहण्यास सांगितले. ही आठवण रझा पुढे आवर्जून सांगत. नागपूर व मुंबई येथे कलाशिक्षण घेऊन १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि सुमारे साठ वर्षे तेथेच राहिले. तेथील निसर्ग व गावे त्यांनी रंगवली, मानाचे पुरस्कारही मिळवले. तरीही काही उणे भासत होते. १९८० च्या सुमारास तो बालपणीचा ठिपका काळाभोर ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. २०१६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा दफनविधी त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथेच झाला.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला येथे स्मृतीची घडण दिसते. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचे प्रसंग मोठेपणी सहसा आठवत नाहीत. त्यानंतरचेही सारेच टिकत नाही. ज्यावर लक्ष एकवटते आणि ज्याने मन हलते, तेच खोलवर रुजते. ठिपक्याने रझांना एकाग्रता दिली. अरण्याने भय आणि विस्मय दिला.

माझ्या दवाखान्यात मुलांसाठी कागद आणि रंगीत खडू ठेवलेले असतात. बहुतेक मुले दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, एक झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड काढतात. माळव्यात नारळ दिसतो तो देवळात, झाडावर क्वचितच! ही चित्रे स्मरणातून आलेली नसतात, दुसऱ्या चित्रांवरून उतरलेली असतात. सिरपूर तलावावर जाऊन आलेल्या एका मुलीने मात्र पाण्यात उभा असलेला बगळा काढला होता. पाय कागदाबाहेर जातील इतके लांब. “तो हलतच नव्हता,” ती म्हणाली. तिने किती वेळ पाहिले असेल, हे त्या पायांवरूनच कळत होते.

चित्रकलेच्या वर्गात मुलाला केव्हा घालावे, असे पालक विचारतात. वर्ग जरूर लावावा. परंतु त्याआधी त्याला झाडाखाली, तळ्याकाठी निवांत बसू द्यावे. मोबाइल पालकांनीही खिशातच ठेवावा. हात पुढे शिकवता येतो. पाहण्याचे वय मात्र निघून जाते. व्यवसायबंधूंना विनंती, की लसीकरणाची तारीख सांगताना पालकांना एवढेही सांगावे.