पडद्यावरचे रोप आणि परातीतली मेथी

लस टोचताना रडणाऱ्या बालकापुढे मोबाइल धरण्याची प्रथा माझ्या दवाखान्यात कित्येक वर्षे चालू होती. मूल क्षणात गप्प होई, पालक निश्चिंत होत. एके दिवशी पाच वर्षांच्या मुलाला बूस्टरसाठी घेऊन आलेल्या मातेने विचारले, "डॉक्टरसाहेब, घरी मोबाइल देऊ नका असे तुम्हीच सांगता, मग इथे का देता?" मी निरुत्तर झालो. तिचा दुसरा प्रश्न होता, "झाड वाढवून मोबाइल सोडवणारे एक अ‍ॅप आहे म्हणतात. मुलांसाठी घेऊ का?"

हे अ‍ॅप म्हणजे तैवानच्या सीकरटेक कंपनीचे, २०१४ साली आलेले 'फॉरेस्ट'. ठरावीक वेळ लावली की पडद्यावर रोप वाढू लागते; मध्येच दुसरीकडे वळल्यास ते सुकते. मित्रांसमवेत लावलेले रोप एकाच्याही चुकीने मरते. साठलेल्या नाण्यांतून 'ट्रीज फॉर द फ्यूचर' या संस्थेमार्फत खरी झाडे लावता येतात.

या विक्रीकलेचे मर्म विचारात घेण्याजोगे आहे. 'मोबाइल सोडा' हा उपदेश कोणी विकत घेत नाही. आपण आपला उपदेश फुकट देऊनही तो खपत नाही! येथे ग्राहकाला मिळते ते जपण्याचे समाधान आणि गमावण्याची हुरहुर. दहावीच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग व्हावा. परंतु बालकाच्या हाती तो आणखी एक पडदाच ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको.

त्याच तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेरच्या उजेडात ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. चीनमधील ग्वांगझू येथील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जादा बाहेर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी आली, इतरांत ३९.५ टक्क्यांना. डोळ्यांना हवा असतो तो बाहेरचा उजेड, आणि आपल्या वडोदऱ्यात त्यासाठी सयाजीराव महाराजांची कमाटीबाग आहे.

त्या मातेला मी सांगितले, "थोरल्याला अ‍ॅप चालेल, धाकट्याला मेथी द्या." आता दवाखान्याच्या खिडकीत मेथी पेरलेली परात असते. टोचून झाल्यावर प्रत्येक मुलाला चिमूटभर मेथीदाणे घरी पेरायला मिळतात. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. पाणी विसरल्यास ते खरोखर सुकतात. काही पालक हसतात, काही दाणे घरी पोहोचण्याआधीच हरवतात. मोबाइल मात्र खणात गेला आहे, आणि दवाखान्यात रडणे पुन्हा ऐकू येते.

ते मला आता खटकत नाही. सुई टोचल्यावर मुलाने रडावे, आईने त्याला उराशी धरावे, यात उपचार करण्यासारखे काही नाही. व्यवसायबंधूंनी आपल्या प्रतीक्षाकक्षाकडे एकदा त्या मातेच्या नजरेने पाहावे, एवढीच विनंती.