फर्माची सहावी संख्या

एखादा नियम दोन-तीन उदाहरणांस लागू पडलेला दिसतांच आमचे पुष्कळ विद्यार्थी "म्हणून सिद्ध झालें" असें लिहून मोकळे होतात. त्यांच्यासाठीं मी फळ्यावर एक संख्या लिहीत असतों: ४,२९,४९,६७,२९७.

ती उत्पन्न कशी होते तें पाहूं. ३ घ्या. त्यांतून १ वजा करून उरलेल्याचा वर्ग करा व त्यांत १ मिळवा, ५ येतात. हीच कृति ५ वर केली असतां १७, पुढें २५७, मग ६५,५३७, आणि सहाव्या स्थानीं आपली ही संख्या. पहिल्या पांचही मूळसंख्या आहेत. म्हणजे १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें त्यांस निःशेष भाग जात नाहीं. फ्रान्समधील तुलूझचा कायदेपंडित व गणिती पिएर द फर्मा यानें १६४० सालीं पत्रांतून असें मत कळविलें कीं, ही माळ कितीही लांबविली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल. सिद्धता आपणांजवळ नाहीं, हेंही त्यानें मोकळेपणानें लिहिलें. मला तें त्याच्या थोरवीस शोभणारें वाटतें.

१७२९ सालीं गोल्डबाख यानें हा प्रश्न सेंट पीटर्सबर्ग येथील ऑयलर या तरुण गणित्यास पत्रानें कळविला. १७३२ सालीं ऑयलरनें दाखविलें कीं, सहाव्या संख्येस ६४१ नें भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो.

भागाकार न करितांही याची खात्री पटवितां येते. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि १२८ हा २ चा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. या चौथ्या घातांतून १ वजा केल्यास येणाऱ्या रकमेचा ६४० + १, म्हणजे ६४१, हा अवयव असतो. दोन वर्गांच्या वजाबाकीचें सूत्र दोनदां वापरून पाहा. ही पहिली रक्कम. आतां ६४१ = ६२५ + १६, आणि १६ हा २ चा चौथा घात. म्हणून ६४१ ला २ च्या अठ्ठाविसाव्या घातानें गुणिलें असतां ६४० चा चौथा घात अधिक २ चा बत्तिसावा घात इतकी दुसरी रक्कम येते. दुसरींतून पहिली वजा करा. २ चा बत्तिसावा घात अधिक १ शिल्लक राहतो, आणि तीच आपली संख्या! दोन्ही रकमांस ६४१ नें भाग जातो, तर त्यांच्या वजाबाकीसही गेलाच पाहिजे.

खरें नवल पुढेंच आहे. त्याच १६४० सालीं फर्मानें स्वतः सांगितलेल्या दुसऱ्या एका नियमावरून असें निघतें कीं, आपल्या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकास ६४ नें भागिल्यास बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळसंख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. अवघे पांच भागाकार! ते त्यानें केलेच नाहींत, कीं पांचव्यांत हात चुकला, हें कोणीं सांगावें? पुढें लंडन येथें झेरा कोलबर्न नांवाच्या आठ वर्षांच्या अमेरिकन मुलानें हेच अवयव तोंडीं सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. आपणांस मात्र कागद-पेन्सिल बरी.

त्या पांचांपलीकडे या माळेंत आजतागायत एकही मूळसंख्या सांपडलेली नाहीं. सहावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या साऱ्या विभाज्य ठरल्या. चौतिसावीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.