मागे फिरण्याची वाट

एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा संगणकीय कारभार मी काही वर्षे पाहत होतो. शुक्रवारी रात्री मी तिथल्या सर्व्हरच्या प्रणालीचे अपग्रेड केले. सगळे सुरळीत दिसले आणि मी घरी गेलो. शनिवारी आणि रविवारी स्वयंसेवकांनी देणगीदाखल आलेल्या जुन्या दिवाळी अंकांच्या नोंदी, अनुक्रमणिकांसह, संगणकात भरल्या. सोमवारी सकाळी वीज गेली आणि परत आली. सर्व्हर मात्र परत आला नाही. काळ्या पडद्यावर चार ओळी उमटत आणि तिथेच सगळे थांबे.

मी निश्चिंत होतो, कारण हा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन होता आणि अपग्रेडच्या आधी मी त्याचा स्नॅपशॉट घेतला होता. पाच मिनिटांत मी त्याला शुक्रवारच्या स्थितीत नेले. वाचनालय सुरू झाले. दुपारी ग्रंथपालबाईंनी विचारले, “अहो, म्हणजे शनिवार-रविवार झालेच नाहीत असे समजायचे का?”

या प्रश्नाने मला जे शिकवले, त्याबद्दल हा लेख आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. एका खऱ्या यंत्रावर हायपरव्हायजर नावाची आज्ञावली बसते आणि ती अनेक प्रणालींना, प्रत्येकीकडे स्वतंत्र यंत्र असल्याप्रमाणे, चालवते. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात 1960च्या दशकात सीपी-40 आणि सीपी-67 या प्रणाली घडल्या. 1972मध्ये व्हीएम/370 बाजारात जाहीर झाली. 1998मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ही सोय साध्या संगणकांपर्यंत आणली.

या पद्धतीत आतल्या प्रणालीची डिस्क ही बाहेरच्या यंत्राच्या लेखी निव्वळ एक फाइल असते. स्नॅपशॉट घेतला की ती फाइल गोठवली जाते आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. मागे फिरायचे म्हणजे ही दुसरी फाइल टाकून द्यायची. तिच्यात फसलेले अपग्रेड असते, तसेच त्यानंतर माणसांनी केलेले कामही असते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, असे सांगतात ते यासाठीच. गोठवलेली मूळ फाइलच खराब झाली, तर स्नॅपशॉटचाही उपयोग उरत नाही.

मग त्या सोमवारी झाले काय होते? लिनक्सच्या अपग्रेडमध्ये नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, डिस्कवर येते. पण यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत स्मृतीत जुनेच कर्नल चालत राहते. म्हणून दोन दिवस सगळे ठीक वाटले. सुरू होताना कर्नलला एक छोटी प्राथमिक शिदोरी लागते. तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. मुख्य डिस्क ओळखण्याची साधने तिच्यात असतात. ती ‘बूट’ विभागात ठेवली जाते. आमच्याकडे हा विभाग जुन्या कर्नलांनी तुडुंब भरला होता. नवे कर्नल कसेबसे मावले, शिदोरी मावली नाही. डिस्कवर जागा नसल्याचा संदेश शुक्रवारी पडद्यावर आलाही होता. मी तो वाचला नव्हता.

खरा उपाय दहा मिनिटांचा होता. सुरुवातीच्या यादीतून जुने कर्नल निवडायचे, यंत्र चालू करायचे, अनावश्यक कर्नले काढून जागा करायची आणि शिदोरी पुन्हा बांधायची. एकही नोंद गेली नसती.

तेव्हापासून मी क्रम बदलला. पहिले काम, बिघडलेल्या स्थितीचीच प्रत ठेवणे. मागे गेलो तरी तिच्यातून हरवलेले काढता येते. दुसरे, यंत्र नेमके कुठे थांबले ते पडद्यावर पाहणे. कर्नल सुरूच झाले नाही, डिस्क सापडली नाही, सेवा उठल्या नाहीत की फक्त नेटवर्क गेले, हे चार वेगळे आजार आहेत. नेटवर्क जाण्याचे कारण कधी इतकेच असते, की जुन्या प्रणालीत ‘ईटीएच-शून्य’ म्हणवणारे जोडकार्ड नव्या प्रणालीत दुसऱ्या नावाने येते आणि मांडणीच्या फाइलीत जुनेच नाव राहते. कधी अपग्रेड सुरूच होत नाही: विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते आणि आभासी यंत्राला ती आभासी रूपात जोडून दिलेली नसते. तिसरे, यंत्र उठतच नसेल तर त्याची डिस्क सोडवून दुसऱ्या धडधाकट यंत्राला जोडणे आणि तिथून नोंदी वाचणे.

या तिसऱ्या युक्तीची परीक्षा जगाने 19 जुलै 2024 रोजी पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. कंपनीने ती फाइल 78 मिनिटांत मागे घेतली. पण जे यंत्र सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? क्लाउडमधल्या अनेक आभासी यंत्रांच्या डिस्क सोडवून, दुसऱ्या यंत्राला जोडून, सदोष फाइल पुसून पुन्हा जागेवर लावाव्या लागल्या. त्या दिवशी भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

मागे फिरणे हा शेवटचा उपाय, कारण यंत्र एकटे नसते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत अनेक सर्व्हर एकमेकांशी बदलांचे क्रमांक जुळवत असतात. त्यांतला एक स्नॅपशॉटने भूतकाळात गेला, तर तो वापरलेले क्रमांक पुन्हा वापरू लागतो. इतरांना वाटते, हे आपल्याकडे आधीच आले आहे, आणि नवे बदल गुपचूप गळतात. म्हणून विंडोज सर्व्हर 2012पासून यंत्राला एक ओळखक्रमांक दिला जातो. तो बदललेला दिसला की आपल्याला मागे नेले गेले आहे हे सर्व्हरला उमगते.

आमच्या वाचनालयात असा क्रमांक नव्हता. ग्रंथपालबाई होत्या. संगणक आल्यानंतरही त्यांनी दाखलनोंदवही बंद केली नव्हती. तिच्यात त्या दोन दिवसांतल्या प्रत्येक अंकाचा क्रमांक, नाव आणि वर्ष होते. अनुक्रमणिका मात्र नव्हत्या. त्या मी पुढचे तीन रविवार बसून पुन्हा भरल्या. आता अपग्रेडच्या रात्री मी यंत्र मुद्दाम बंद करून सुरू करतो, पडद्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि मगच घरी जातो.